ज्यूकबॉक्स जरा बारीक करा

हे गाणं मोठ्यानं म्हटलं की पडतं. गाणाऱ्याचा सूर पक्का असेल, गिटार नीट लागलेली असेल, शब्द तोंडपाठ असतील, तरी पडतं. अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या, म्हणजे 'कंट्री' संगीतातल्या जिम रीव्ह्जचं 1959 मधलं 'ही'ल हॅव टू गो' ऐकायला इतकं सोपं वाटतं की दोन गाणी गळ्यावर चढलेला कुणीही ते म्हणायला घेतो आणि दुसऱ्याच ओळीत आपण नक्की कुठे घसरलो हे त्याला कळत नाही. सूर चुकलेला नसतो. अंतर चुकलेलं असतं. ओठ आणि रिसीव्हर यांच्यात किती जागा ठेवायची, या एवढ्याच गोष्टीवर हे गाणं उभं आहे.

प्रसंग असा. एक माणूस बारमधून फोन करतोय. पलीकडे ती आहे, आणि तिच्याजवळ दुसरा कुणीतरी आहे. हा तिला म्हणतो, तोंड फोनच्या जरा जवळ आण, आपण दोघंच आहोत असं धरून चालू. मी इथल्या माणसाला ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणारं ते यंत्र, बारीक करायला सांगतो, तू तुझ्या त्या मित्राला सांग की आता त्याला निघावं लागेल. पहिलं कडवं इथे संपतं, आणि खरं तर गोष्टही इथेच संपते. पुढे कथानक एक पाऊलही सरकत नाही.

या देवाणघेवाणीकडे नीट पाहिलं तर गंमत दिसते. मी इकडचा आवाज बंद करतो, तू तिकडचा माणूस बंद कर. त्याच्या हिशेबात तो दुसरा पुरुष म्हणजे ज्यूकबॉक्सइतकीच एक अडचण. बटण फिरवलं की गेली. बारवाल्याला सांगायला काही लागत नाही, पण तिला जे सांगायचंय त्याची किंमत फार मोठी आहे. ही विषमता त्याला दिसतच नाही, किंवा दिसूनही तो ती बोलत नाही. विरहगीतातला नायक बहुतेक वेळा आपण काय गमावलं याची यादी वाचतो. इथला नायक सौदा करतोय, आणि तोही पडत्या बाजूनं.

त्या दुसऱ्यासाठी वापरलेला शब्द आहे 'फ्रेंड'. मराठीत 'मित्र' म्हटलं तर त्यातली बोच जाते. आपल्याकडे अशा माणसाला नाव घेऊन हाक मारत नाहीत आणि 'मित्र'ही म्हणत नाहीत. 'तुझा तो' म्हणतात. त्या 'फ्रेंड'मध्ये हा 'तुझा तो' लपलेला आहे, वरून सभ्यपणाची इस्त्री मारलेला. अख्ख्या गाण्यात कुणालाच नाव नाही. फोन करणारा, ती, तो, आणि बारमधला 'माणूस'. ती त्याची कोण लागते, हेही सांगितलेलं नाही. लग्नाची बायको? जुनी प्रेयसी? एक धागा मात्र हाती लागतो. दुसऱ्या कडव्यात तो विचारतो, मी धरतो तसंच तोही तुला धरतोय का? 'धरायचो' नव्हे, 'धरतो'. म्हणजे त्याच्या लेखी हक्क अजून चालू आहे. ती दुसऱ्याची झालीय हे ऐकणाऱ्याला कळलेलं आहे, गाणाऱ्याला अजून कळायचंय.

आता फोनकडे वळू, कारण या गाण्याचं अर्धं मर्म त्या यंत्रात आहे.

ट्रंक कॉल लावून 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' असं ओरडणाऱ्या पिढीला वाटेल, फोनवर कुजबुजणं हा अमेरिकी चोचला. तसं नाही. त्या काळच्या रिसीव्हरच्या तोंडाशी कार्बनचे बारीक दाणे भरलेली डबी असे. आवाजानं पडदा हलला की दाणे दाबले जात, दाब बदलला की त्यांतून जाणारा विजेचा प्रवाह बदले, आणि तो बदल तारेतून पलीकडे जाई. ही डबी जवळच्या आवाजावर चाले. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब साधारण निम्मा होतो. ओठ 2 सेंटिमीटरवरून 8 सेंटिमीटरवर गेले, तर पलीकडे पोचायला जेमतेम पाव हिस्सा उरतो. त्यात दाणे दमटपणानं किंवा वापरानं गच्च बसले की आवाज चिरका आणि खरखरीत येई; मग लोक रिसीव्हर तळहातावर आपटून दाणे मोकळे करत. तेव्हा 'ओठ जवळ आण' ही विनंती प्रेमाची तर आहेच, पण तांत्रिकदृष्ट्याही बिनचूक आहे.

ज्यूकबॉक्सचं प्रकरण याहून मजेशीर. बारमधला गोंगाट नुसता त्याच्या मोकळ्या कानात जातो असं नाही. जुन्या फोनमध्ये आपलं बोलणं आपल्याच रिसीव्हरमध्ये थोडं ऐकू यावं अशी सोय असे. ते अजिबात ऐकू आलं नाही तर फोन मेल्यासारखा वाटतो. पण त्याच वाटेनं खोलीतला गोंगाटही माउथपीसमधून आत शिरून फोन धरलेल्या कानात येतो आणि पलीकडचा आवाज झाकून टाकतो. म्हणजे ज्यूकबॉक्स बारीक करायचा तो तिला ऐकू जावं म्हणून नाही, तर तिचं ऐकू यावं म्हणून. खरं तर याला एक जुनी युक्ती होती: ऐकताना माउथपीसवर तळहात ठेवायचा. गोंगाटाची आतली वाट बंद होते आणि पलीकडचा आवाज एकदम स्वच्छ येतो. त्यानं तेवढं केलं असतं तर बारवाल्याला सांगायची गरज नव्हती. पण मग गाणंही झालं नसतं.

त्या काळात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सार्वजनिक फोनवरून गावातल्या गावात बोलायला 10 सेंट पडत आणि ज्यूकबॉक्सवर एक गाणं लावायलाही 10 सेंटच. नाणं तेच. कुणीतरी 10 सेंट टाकून गाणं लावलंय, यानं 10 सेंट टाकून फोन लावलाय, आणि हा त्या पहिल्याचं गाणं बारीक करायला लावणार. बारमधल्या इतर गिऱ्हाइकांचं यावर काय मत पडलं असेल, ते गाण्यात येत नाही.

मधलं कडवं, म्हणजे चाल बदलते तो भाग, या गाण्यातला सगळ्यात हुशार तुकडा. तो म्हणतो, दुसरा पुरुष जवळ असताना मला हवे ते शब्द तुला बोलता येणार नाहीत, तेव्हा फक्त हो किंवा नाही म्हण, मी समजून घेईन. दिवाणखान्यात तिपाईवर ठेवलेल्या लँडलाइनवर, आजूबाजूला घरचे सगळे बसलेले असताना बोललेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. 'हो... हं... नाही, नको... बरं, ठेवू?' एवढ्या भांडवलावर आपल्याकडे प्रेमं झाली आणि मोडली. ऐकणाऱ्याला काही कळू न देता उत्तर देता यावं असा प्रश्न विचारणं ही एक कलाच होती, आणि या माणसाला ती येते.

येते, पण पुरती नाही. कारण त्याच्या आधीच्याच कडव्यात त्यानं विचारलंय: मी फोन ठेवू, की तू त्याला जायला सांगतेस? याचं उत्तर हो-नाहीत देऊन दाखवा. 'हो' म्हणजे काय? ठेव? की सांगते? स्वतःच आखलेली युक्ती त्यानं स्वतःच आधी बिघडवून ठेवली आहे. गीतकाराची ही चूक असेलही. पण घायकुतीला आलेला माणूस असंच विचारतो, म्हणून ती खपून जाते. खपून जाते कसली, त्यामुळेच तो खरा वाटतो. शिवाय शेवटी पहिलं कडवं जसंच्या तसं परत येतं. मधे तिनं काही उत्तर दिलं का? दिलं असेल तर त्याला ऐकू आलं का? आपल्याला फोनची एकच बाजू मिळते. तो पुन्हा म्हणतो, ओठ जवळ आण. पहिल्यांदा ती लाडीगोडी वाटते. दुसऱ्यांदा तेच शब्द, तीच चाल, आणि आता पोटात गोळा येतो, कारण मधल्या वेळात काहीच बदललेलं नाही.

गाणं लिहिलं जो ॲलिसन आणि ऑड्री ॲलिसन या नवराबायकोनं. सुचण्याचं कारण घरचंच. ऑड्रीचा आवाज मुळात हळू. फोनवर तिला मोठ्यानं बोलता येत नसे, आणि जो तिला म्हणायचा, तोंड जरा फोनजवळ घे. संसारातलं हे रोजचं वाक्य उचलून त्यांनी तिसऱ्या माणसाच्या शेजारी नेऊन ठेवलं, एवढंच केलं. 1959 मध्ये बिली ब्राऊन नावाच्या गायकानं ते आधी रेकॉर्ड केलं. ते चाललं नाही. मग रीव्ह्जनं 15 ऑक्टोबर 1959 रोजी नॅशव्हिलला आरसीए या तबकड्यांच्या कंपनीच्या स्टुडिओत ते गायलं. कंपनीचाही त्यावर फार भरवसा नसावा, कारण तबकडीच्या मुख्य बाजूला 'इन अ मॅन्शन स्टँड्स माय लव्ह' हे दुसरंच गाणं होतं आणि हे पाठीमागे. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. 1960 च्या फेब्रुवारीपासून ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि सर्वसाधारण लोकप्रिय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिला क्रमांक अडवून बसली होती पर्सी फेथच्या वाद्यवृंदाची 'अ समर प्लेस'ची धून.

टेक्ससमध्ये 1923 साली जन्मलेला रीव्ह्ज आधी बेसबॉल खेळायचा. पायाच्या दुखापतीनं खेळ सुटला आणि तो रेडिओवर निवेदक झाला. या एका गोष्टीत त्याच्या गाण्याची किल्ली आहे. कंट्री संगीतातले बहुतेक गायक अंगणातून, चर्चमधून, नाचाच्या जागांवरून आलेले. लांबच्या माणसापर्यंत आवाज फेकायची त्यांना सवय. निवेदक मायक्रोफोनला माणूस मानतो. समोर हजारो नसतात, एकच असतो, आणि तोही वीतभर अंतरावर. नाट्यसंगीत गाणाऱ्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा आणि पुढे भावगीतवाल्यांनी मायक्रोफोनशी बोलल्यासारखं गायला सुरुवात केली, तो फरक आठवा. तसाच काहीसा फरक इथे आहे. 'मेक्सिकन जो' या 1953 मधल्या त्याच्या पहिल्या मोठ्या गाण्यात तोही मोकळ्या, चढ्या आवाजात गातो. 1957 मध्ये 'फोर वॉल्स' गाताना त्यानं आवाज उतरवला, ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवले. कंपनीत कुरबूर झाली. निर्माता चेट ॲटकिन्स त्याच्या पाठीशी उभा राहिला. गाणं गाजलं आणि कुरबूर थांबली.

ओठ मायक्रोफोनजवळ नेले की नुसता आवाज मोठा होत नाही. एका दिशेनं किंवा समोरून-मागून ऐकणारे जे मायक्रोफोन असतात, त्यांच्यात गाणारा जसजसा जवळ येतो तसतसा खर्ज फुगत जातो. हा त्या मायक्रोफोनच्या रचनेचाच गुण. सगळ्या दिशांनी सारखं ऐकणाऱ्या मायक्रोफोनात तो नसतो. रीव्ह्जचा आवाज आधीच खालचा, त्यात ही भर. म्हणून तो कानात न शिरता छातीत शिरल्यासारखा वाटतो.

आणि इथे एक गोष्ट ध्यानात येते. टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. बोलणं समजायला तेवढं पुरतं. पण पुरुषाच्या खालच्या आवाजाचा मूळ सूर 100 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेत शिरतच नाही. वरच्या छटा ऐकून आपला मेंदू खालचा सूर मनानं भरून काढतो, म्हणून माणूस ओळखू येतो इतकंच. तेव्हा आपल्याला या गाण्यात जो मखमली खर्ज ऐकू येतो, तो पलीकडच्या त्या बाईला ऐकूच गेलेला नाही. तिला मिळालाय एक बारीक, डब्यातून आल्यासारखा आवाज. ज्या आवाजाला ती भुलली असती तो आपल्या वाट्याला आलाय. आपण फोनच्या त्या टोकाला नाही, बारमध्ये त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत. रीव्ह्जनं तो आवाज मुद्दाम टेलिफोनसारखा पातळ केला असता तर प्रसंग 'खरा' झाला असता आणि गाणं मेलं असतं.

साथीत काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी पाहावं. फिडल नाही, स्टील गिटार नाही. कंट्री गाण्यातून ही दोन वाद्यं काढायची म्हणजे लावणीतून ढोलकी काढण्यासारखंच. रॉक अँड रोल आल्यावर 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंट्री तबकड्यांचा खप बसला, तेव्हा ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांसारख्या निर्मात्यांनी शहरी कानांना रुचेल असं गुळगुळीत वळण आणलं. त्यालाच नॅशव्हिल साउंड म्हणतात. जुन्या मंडळींचा त्यावर राग होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. त्या वळणानं पुष्कळ गाणी पाकात बुडवली. या गाण्यात मात्र ते वळण कामाला आलं, कारण इथे फिडल रडायला लागली असती तर फोनवर बोलणार कोण? पियानोवर फ्लॉइड क्रेमर, व्हायब्राफोनवर मार्विन ह्यूज, गिटारवर हँक गारलंड, बेसवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन आणि मागे अनिता कर सिंगर्सचे आवाज. एवढी मातब्बर माणसं आणि सगळी मिळून जवळजवळ काहीच करत नाहीत. तेच त्यांचं कौशल्य.

वाजवायचं असेल तर रचना सरळ आहे. अ, अ, ब, अ. तीन वेळा एकच चाल, मधे एकदा वेगळी. सगळं मिळून अडीच मिनिटांच्या आत. सी पट्टीत धरलं तर कॉर्ड चारच: सी, एफ, जी सेव्हन आणि एका जागी सी सेव्हन. पहिल्या ओळीत 'लिप्स'वर सी, 'क्लोजर'वर एफ, 'फोन'वर परत सी. दुसरी ओळ सीवरच बसते आणि शेवटच्या 'अलोन'ला जी सेव्हनवर जाऊन अधांतरी थांबते. तिसऱ्या ओळीत 'मॅन'वर सी, 'ज्यूकबॉक्स'च्या आधी सी सेव्हन, 'लो'वर एफ. चौथीत सी, मग जी सेव्हन आणि 'गो'वर घरी सी. मधलं कडवं एफवर सुरू होऊन सीवर येतं, पुन्हा एफ, पुन्हा सी, आणि शेवटी जी सेव्हन लावून परत पहिल्या चालीत. ते सी सेव्हन गाळू नका. पुष्कळ जण गाळतात, कारण नुसत्या सीनंही बिघडत नाही. पण त्या एका जास्तीच्या स्वरानंच एफकडे ओढ लागते, आणि 'बारीक कर' म्हणताना खाली उतरल्याचा भास होतो.

ताल तीनाचा. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या मात्रेला जाड तारेवर, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला बोटांनी पातळ तारा नुसत्या कुरवाळायच्या. प्लेक्ट्रमनं सगळ्या तारा झोडल्या की संपलं. तबल्यावर दादरा धरता येतो, सहा मात्रांचा, पण 'धा'चं वजन निम्म्यावर आणावं लागतं आणि बायाँ घुमवायचा मोह आवरावा लागतो. नाहीतर त्या बारमध्ये एकदम मैफल भरते. लय संथ असली तरी रेंगाळू द्यायची नाही. दुःखी गाणं म्हणून सावकाश, हा इथला सगळ्यात मोठा गैरसमज. फोनवरचा माणूस घाईत आहे. ती कधी फोन ठेवेल याचा नेम नाही.

पट्टी ठरवताना रीव्ह्जची नक्कल करायला जाऊ नये. त्याचे खालचे सूर बहुतेकांच्या गळ्यात निघतच नाहीत, नुसती हवा निघते. रीत साधी: गाण्यातला सगळ्यात खालचा सूर शोधायचा, तो शेजारच्या माणसाशी कुजबुजण्याइतक्या आवाजात स्पष्ट लागतो का पाहायचं. नाही लागला तर कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर चढवायचा आणि पुन्हा पाहायचं. वरच्या सुरांची काळजी नको, ते फार वर जात नाहीत.

मग मायक्रोफोन. हे गाणं म्हणजे जवळून गाणाऱ्यांसाठी लावलेला सापळाच आहे. पहिला शब्द 'पुट', म्हणजे पहिल्याच अक्षराला हवेचा फटका. मागोमाग 'स्वीट'चा शीळ घालणारा स, मग 'लिप्स'मध्ये प आणि स दोन्ही, आणि ओळ संपते 'फोन'च्या फ वर. मायक्रोफोन ओठांच्या अगदी समोर धरला तर स्पीकरमधून 'भप्' असा आवाज येतो आणि लोक दचकतात. उपाय असा: मायक्रोफोन ओठांपासून 5 ते 8 सेंटिमीटरवर, पण सरळ समोर नाही, तोंडाच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका, म्हणजे हवा बाजूनं निघून जाते आणि खर्जाचा फायदा राहतो. मिक्सरवर 80 हर्ट्झच्या खालचा भाग कापला की उरलासुरला फटकाही मरतो. हातात मायक्रोफोन घेऊन भावनेच्या भरात तो मागे-पुढे करणाऱ्यांनी स्टँड लावावा. दर दोन सेंटिमीटरला आवाजाचा पोत बदलतो आणि फोनवरचा माणूस मधेच खोलीभर फिरायला लागल्यासारखं वाटतं. इको तर पूर्ण बंद. टेलिफोनच्या खोक्यात कुणाचा आवाज घुमत नाही.

हॉलमध्ये आणखी एक अडचण येते. गाणारा हळू गातो म्हणून साउंडवाला मायक्रोफोन वाढवतो, वाढवला की स्पीकरचा आवाज परत त्यात शिरतो आणि 'कुंईं' सुरू होते. मग गाणारा घाबरून मोठ्यानं गातो. इलाज मायक्रोफोन वाढवण्यात नाही, साथ उतरवण्यात आहे. कीबोर्डवाल्याला, ड्रमवाल्याला सांगायचं, जरा बारीक. गाण्यातला माणूस बारवाल्याला जे सांगतो नेमकं तेच.

आणि आवंढा नको. रडवेला कंप, शब्दाच्या शेवटी घेतलेला हुंदका, 'डार्लिंग'वर डोळे मिटणं, हे सगळं नको. तिच्या शेजारीच 'तो' आहे. हिला अवघड होऊ नये म्हणून हा माणूस शक्य तितकं साधं बोलतोय.

आपल्याकडे रीव्ह्ज पोचला तो फार आधी, आणि राहिला. गोव्यातल्या आणि वांद्रे-वसईकडच्या ख्रिस्ती घरांत त्याचं नाव सांगावं लागत नाही, आणि डिसेंबर आला की त्याच्या 1963 च्या नाताळगीतांच्या तबकडीतलं 'ॲन ओल्ड ख्रिसमस कार्ड' आठवतंच. इंग्रजी गाणी ज्यांना 'कळत नाहीत' त्यांनाही रीव्ह्ज कळतो, कारण तो प्रत्येक शब्द निवेदकासारखा सुटा टाकतो. 31 जुलै 1964 रोजी नॅशव्हिलजवळ वादळात त्याचं लहान विमान कोसळलं. त्यात त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएलही गेला. रीव्ह्ज तेव्हा 40 वर्षांचा होता.

गाणं पुढे पुष्कळांनी गायलं. राय कूडर या अमेरिकी गिटारवादकानं 1976 मध्ये त्याला बोलेरो या संथ लॅटिन अमेरिकी प्रकाराचा ठेका दिला आणि फ्लाको हिमेनेसचा अकॉर्डियन घातला; बार तोच, पण मेक्सिकोच्या हद्दीवर गेलेला. ऐकायला फार सुरेख, फक्त फोन विसरायला होतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर एल्व्हिस प्रेस्लीनं स्वतःच्या घरातल्या 'जंगल रूम'मध्ये ते रेकॉर्ड केलं, त्याच्या अगदी अखेरच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक. तो आवाज मोठा आहे, थकलेला आहे, आणि एल्व्हिसला जे कधीच जमलं नाही ते म्हणजे लहान होणं. हे गाणं त्याचं नव्हे.

सगळ्यात चांगलं उत्तर मात्र 1960 मध्येच आलं होतं, शब्दशः उत्तर. जीन ब्लॅक नावाच्या गायिकेनं त्याच चालीवर 'ही'ल हॅव टू स्टे' गायलं, आणि तेही लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. गाजलेल्या गाण्याला असं जबाबी गाणं काढणं तेव्हा धंद्याचा भागच होता आणि त्यांतली बहुतेक टाकाऊ असत. हे नव्हतं. पहिल्यांदा फोनचं दुसरं टोक बोलतं. त्यानं एवढ्या काकुळतीनं ज्याला घालवायला सांगितलं, तो आता इथेच राहील, असं ती सांगते. तू पुन्हा दुसऱ्या कुणाबरोबर बाहेर आहेस, हे मला ठाऊक आहे, असंही. कशावरून? तर फोनमधून तिला ज्यूकबॉक्स ऐकू येतोय. हळू, अगदी बारीक. त्यानं खरंच सांगितलं होतं बारवाल्याला.